पांढऱ्या कपड्यातली पोर

शुगर लँड, टेक्सास
१२ जानेवारी १९८७

चि. दीपू,

जयभीम. तुझ्या तोंडावरून हात फिरवून माझ्या कानशिलावर बोटं मोडली असं समज. कडकड वाजली बरं का.

काल तुझा फोन आला तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. सकाळी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तुझ्या बापानं तो न बोलता अर्धा पिला. माझा राजा तसाही कालपासून बोलत नाही. तुझी आई शोभा ओट्याशी उभी राहून रडली. म्हणे, बेलव्ह्यूसारख्या गावात हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, गाडी घेतली, आणि आता सगळं सोडून सहा महिने थायलंडच्या सीमेवर निर्वासितांच्या कॅम्पात जखमा धुवायला चालली. मी खोलीत गेले, दार लोटलं, बुद्धाच्या फोटोपुढं उदबत्ती लावली आणि एकटीच हसत बसले. माझी पोट्टी बुद्धाच्या मुलखात चालली. जिथं रस्त्यानं भगव्या चीवरातले भंते चालतात आणि देशाचा राजासुद्धा त्यांच्यापुढं वाकतो म्हणतात. मी तिसरीपर्यंत शिकलेली, मला ते सपनातपण दिसलं नाही.

तुला येंगबाईचं सांगायचं राहिलं. मागं तू आलीस तेव्हा ती ओळख व्हायची होती. आपल्या कोपऱ्यावर डोनटचं दुकान आहे ना, ते एका कंबोडियाच्या माणसाचं आहे, आणि येंगबाई त्याची मावशी. राजा म्हणतो रोज चालत जा, गुडघे धरतील, म्हणून मी जाते. एक दिवस पैशाच्या मशीनवर पाहते तर बुद्धाचा फोटो, पुढं उदबत्ती. माझे हात आपोआप जुळले, तोंडातून निघालं, नमो तस्स भगवतो. तर काउंटरमागची म्हातारी पुढचं म्हणायला लागली. तिचा सूर वेगळा, पण शब्द तेच. अमेरिकेत येऊन पंधरा वर्षं झाली, पण मी मोठ्यानं वंदना म्हणावी असं माणूस पहिल्यांदा भेटलं. तुला माहीत आहे, मराठी मंडळाच्या लोकांत तुझा बाप मला जयभीमसुद्धा हळू म्हणायला लावतो. तेव्हापासून आमचं रोजचं चालतं. तिचं इंग्रजी अर्धं, माझं अर्धं, दोघींचं मिळून एक होतं. मी तिला शिकवलं की आपल्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. तर आता माझ्या प्रत्येक वाटीतून डोनट येतो आणि तुझ्या बापाची शुगर वाढते.

तू चालली हे सांगितलं तर तिनं मला दुकानातच बसवून घेतलं आणि तिकडं कसं वागायचं ते सगळं सांगितलं. नीट वाच.

कुणाच्या डोक्याला हात लावू नको. लहान लेकराच्यासुद्धा नाही. डोकं त्यांच्यात फार पवित्र. आई लावते, आजी लावते, बाकी कुणी नाही. मला हे ऐकून कसंतरीच झालं, कारण मी तर तिच्या भाच्याच्या लहानग्या लेकराचे केस रोज कुरवाळते आणि ती बिचारी काही बोलली नव्हती. बसताना पाय बुद्धाकडं करायचे नाहीत, माणसाकडंही नाही, एका अंगाला मुडपून बसायचं. भंतेच्या पायाला हात लावू नको. आपल्याकडं आपण सवयीनं वाकतो, पण तिथं बाईनं त्यांना शिवायचं नाही. काही द्यायचं तर ते कापड पसरतील, त्यावर ठेवायचं. मोठ्या माणसाला देताना दोन्ही हातांनी. दिलेलं खाणं परत करायचं नाही, पोट भरलं असलं तरी. खांदे झाकून. आणि सगळ्यात चांगलं मला हे वाटलं, ती म्हणते तिथले लोक बोलताना हसतातच. चारचौघांत रडणं-ओरडणं वाईट दिसतं. बघ, कसे सुखी लोक असतील.

हे सांगून झालं आणि मग तिनं एक जुना फोटो बाहेर काढला. तिची मुलगी फाली, डाव्या भुवईवर जखमेचा व्रण, मांडीवर लेक. लेकीचं नाव चांत्रिया. त्याचा अर्थ चांदणं. म्हणजे आपला चंद्रच झाला! पोरगी आता आठ वर्षांची असेल. तिकडच्या लढाईच्या पळापळीत येंगबाई भाच्याबरोबर इकडं निघाली आणि फाली नवऱ्याची वाट बघत मागं राहिली. नवरा काही आला नाही. दोन वर्षांपूर्वी फालीचं पत्र आलं होतं, त्याच कॅम्पातून जिथं तू चालली. मग काही नाही. येंगबाईनं इकडं आणायचे सगळे कागद केले आहेत, पण माणूस जागेवर आहे असं कळल्याशिवाय पुढं सरकत नाही.

ती म्हणाली, तुझ्या नातीला सांग, माझी मुलगी शोध. एवढंच म्हणाली. हसून म्हणाली, पण माझा हात सोडेना.

फोटोची कॉपी, येंगबाईचा एक फोटो आणि फालीसाठी चौकटीचा पंचा पाठवते. ते त्याला क्रमा म्हणतात, सुती आहे, आपल्या गमछ्यासारखा.

तुझी आजी


कॅम्प, थायलंड
१५ फेब्रुवारी १९८७

प्रिय आजी,

जयभीम. तू मला लहानपणी किचन टेबलवर बाराखडी शिकवलीस, ती आत्ता कामाला येते आहे. इथे मराठी लिहिताना मला कुणी बघितलं की ते विचारतात ही कुठली सीक्रेट भाषा. चुका असतील. माफ कर.

मी पोचले. आमची टीम जवळच्या गावात राहते, त्याचं नाव अरण्यप्रथेत. तुला आवडेल. रोज सकाळी पिकअपमधून कॅम्पात आणि चार वाजता परत, कारण त्यानंतर बाहेरच्या लोकांना राहू देत नाहीत. बांबूची घरं, लाल धूळ, पाण्याच्या टँकरपुढे लाइन. दूर तोफा वाजतात. इथली मुलं आवाजावरून सांगतात की लांब आहे की जवळ. मला अजून कळत नाही.

तुझं पत्र मी विमानात तीनदा वाचलं आणि तरी पहिल्याच दिवशी चूक केली. क्लिनिकमध्ये एक छोटा मुलगा इंजेक्शनला रडला नाही, म्हणून मी त्याच्या डोक्यावर थोपटलं. त्याच्या आईनं त्याला जवळ ओढलं. ती रागावली नाही, हसली. पण तिनं नंतर तिथेच, मी हात लावला होता तिथे, स्वतःचा हात फिरवला. मला खूप लाज वाटली. भंतेंच्या वेळी मात्र मी बरोबर वागले. त्यांना गोळ्या हातात देणार होते, तेवढ्यात तुझी आठवण झाली आणि थांबले. त्यांनी पिवळं कापड पसरलं. मी त्यावर ठेवल्या. मग त्यांना नमो तस्स म्हणून दाखवलं. ते इतके खूश झाले, मला विचारलं तू कुठल्या देशाची. मी म्हटलं, माझ्या आजीची.

आजी, तू लिहिलंस की इथले लोक हसतात म्हणजे सुखी आहेत. मला तसं नाही वाटत. ज्याचा पाय गेला तोपण हसतो. मी ड्रेसिंग बदलते, तो घामानं भिजतो आणि हसतो. त्या हसण्याचं काय करायचं ते मला समजत नाही.

फाली अजून नाही सापडली. कॅम्प खूप मोठा आहे, आणि फाली नावाच्या पुष्कळ बायका. आमची थाई नर्स आहे, तिला थोडी ख्मेर, म्हणजे कंबोडियाची भाषा, येते, तिच्याबरोबर मी रोज लंचमध्ये एका एका सेक्शनला फोटो घेऊन जाते. भुवईचा व्रण सगळ्यांना दाखवते. येंगबाईंना सांग, मी थांबणार नाही.

बाबा बोलतात का तुझ्याशी?

तुझी दीपा


शुगर लँड
४ मार्च १९८७

चि. दीपू,

जयभीम. पत्र पोचलं. येंगबाईला दुकानात वाचून दाखवलं, म्हणजे मराठीत वाचलं आणि हातवारे करून सांगितलं. तू थांबणार नाही म्हणालीस ते तिनं दोनदा विचारून घेतलं. आता मी वळणावर दिसले की ती काचेचं दार उघडून बाहेर येते. पत्र नसलं की मी लांबूनच मान हलवते, मग ती आत जाते आणि माझ्या कॉफीचं झाकण लावायला लागते.

तुझा बाप बोलतो. परवा नकाशा घेऊन बसला होता, मला दाखवलं, हे बघ इथं आहे. बोट ठेवलं ते उचलेना. शोभाला सांगू नको.

मंडळाच्या हळदीकुंकवाला गेलो होतो एडिसनहून आलेल्या त्या शरयूबाईकडं. मला कोपऱ्यातली खुर्ची दिली, चांगली मऊ होती. शोभानं सांगितलं दीपा थायलंडला गेली, तर शरयूबाई म्हणते, "म्हणजे तुमच्याच लोकांत की." शोभा लाल झाली. मी म्हटलं, हो, आमच्याच, आणि तिची साबुदाण्याची खिचडी आणखी मागून घेतली. खिचडी मात्र छान होती, खोटं काऊन बोलू. घराशी आल्यावर शोभानं मला हात धरून उतरवलं.

त्यावरून मला जुनी गोष्ट आठवली, तुला सांगते. आम्ही नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा बाबासाहेबांचा निरोप होता, पांढरे कपडे घालून या. साऱ्या शहरात पांढरं कापड मिळेना, दुकानं रिकामी. तुझे आजोबा गिरणीत, पण गिरणीतल्या माणसाच्या बायकोकडं पांढरं लुगडं नव्हतं! मग मी माझं एक जुनं फिक्कट लुगडं सोड्यात उकळलं, उन्हात टाकलं, परत उकळलं. रंग जाता जाईना. शेवटी गेला. ते नेसून आम्ही सगळ्या वस्तीतून निघालो तर नळावरच्या बाया एकमेकींना विचारतात, "काय गं, एवढ्या साऱ्यांच्या घरी कोण मेलं?" कारण त्यांच्यात पांढरं रांडवेनं नेसायचं. तेव्हा माझी सासू, ती कधी कुणाशी मोठ्यानं बोलली नव्हती, ती थांबली आणि म्हणाली, "कुणी मेलं नाही बायांनो. आम्ही आज जन्मलो."

ते लुगडं मी इथं आणलं आहे. पेटीत आहे. तुला तिकडं कुणी पांढरं नेसलेलं दिसलं की समज आपलं माणूस, शुभ काम चाललं आहे, आणि हात जोड.

फाली भेटली की आधी खाली बस. तिच्याहून उंच उभी राहून बोलू नको. क्रमा दोन्ही हातांनी दे. नवऱ्याचं विचारू नको, येंगबाई म्हणते ती आपण होऊन सांगेल.

तुझी आजी


कॅम्प
२६ मार्च १९८७

प्रिय आजी,

सापडली!

थांब, नीट सांगते. फाली नाही, पण चांत्रिया सापडली. सगळ्यात मागचा सेक्शन आहे, कुंपणाला लागून. तिथे एका बाईनं फोटो हातात घेतला आणि बराच वेळ दिला नाही. मग आम्हाला तिच्या झोपडीत नेलं. तिथे ही मुलगी दाराशी तांदूळ निवडत बसली होती. फोटोतलेच डोळे. मी तू सांगितल्यासारखी खाली बसले, तिच्याहूनही खाली, धुळीत. म्हटलं, चांत्रिया? तिनं हात जोडले.

त्या बाईला मी विचारलं, फाली कुठे. तिनं हसून काहीतरी सांगितलं. आमच्या थाई नर्सला तिचं बोलणं पूर्ण समजलं नाही. ती म्हणाली, "आता इथे नाही, गेली" असं काहीतरी आहे. मला वाटतं दुसऱ्या कॅम्पात नेलं असेल, इथे लोकांना सारखं हलवतात, किंवा मोठ्या हॉस्पिटलात. ती बाई हसत होती म्हणजे फार वाईट नसेल. (माहीत आहे, मीच तुला हसण्याबद्दल लिहिलं होतं. पण मला खूप आनंद झाला होता आजी, मला तेव्हा दुसरं काही दिसलं नाही.)

चांत्रियाचं डोकं पूर्ण शेव्ह केलेलं आहे. उवा खूप आहेत इथे, त्यामुळे असेल. आणि अंगात पांढरा शर्ट, पांढरं लुंगीसारखं कापड, एवढ्या धुळीत इतकं स्वच्छ. आमच्या टीममधल्या एकीनं पोलरॉइडनं फोटो काढला, तो पाठवते. क्रमा मी तिलाच दिला, दोन्ही हातांनी. तिनं तो अंगाभोवती गुंडाळला नाही, घडी करून मांडीवर ठेवला. येंगबाईंचा फोटो दाखवला तर बोट ठेवून म्हणाली, येय. म्हणजे आजी. एवढा एकच शब्द ती माझ्याशी बोलली.

पुढच्या आठवड्यात चांगला दुभाषी मिळेल, मग फालीचं नीट विचारते. पण येंगबाईंना आत्ताच सांग, नात आहे. जिवंत आहे.

तुझी दीपा


शुगर लँड
१४ एप्रिल १९८७

माझे बाई दीपू,

जयभीम जयभीम जयभीम. आज बाबासाहेबांची जयंती आणि आजच तुझं पत्र, मी पोस्टवाल्याचा हात धरला, तो बिचारा घाबरला. त्याला मी काल केलेल्या शंकरपाळ्या दिल्या.

अगं वेडे, उवा कसल्या! एवढी नर्स झाली आणि एवढं कळलं नाही. डोकं भादरलं आणि पांढरे कपडे, म्हणजे पोरीनं धम्म घेतला. आपल्या नागपुरात वर्षावासात पोरांना श्रामणेर, म्हणजे थोड्या दिवसांचे छोटे भंते, करतात तेव्हा असंच, आधी डोकं साफ, मग पांढरं, मग चीवर. तुझ्या बापालाही मी तसं करणार होते, तो दोन दिवस झाडावर चढून बसला. ही पोर बघ कशी शांत बसली आहे फोटोत. फाली कुठं गेली ते मला आता कळलं. लेकीला भंतेंच्या स्वाधीन करून तीही विहारात गेली असेल. ती बाई हसून "गेली" म्हणाली ती काय उगीच.

सकाळपासून खीर चालली आहे. तांदळाची, इथलं ते घट्ट दूध, वेलची, वरून बदाम कापले. सुजातेनं बुद्धाला दिली ती खीर आजच्याशिवाय कधी करायची! आणि काय योग बघ, येंगबाईच्या लोकांचं आज-उद्या नवीन वर्ष आहे. दुकानावर कागदाची फुलं लावली आहेत, मी काल पाहिली. मी फोटो पाकिटात घातला आहे, वाटी पितळेची घेतली, झाकण बांधलं. शोभा म्हणाली थांबा, गाडीनं सोडते, पण माझ्यानं थांबवत नाही. हे पत्र वाटेतल्या पेटीत टाकते आणि तशीच पुढं दुकानात.

ती दार उघडून बाहेर येईल तेव्हा आज मी मान हलवणार नाही.

तुझी आजी


अरण्यप्रथेत
१७ एप्रिल १९८७

आजी,

हे पत्र तुला वेळेवर मिळो. गावातून फोन लागत नाही, आणि तोफांमुळे आम्हाला बँकॉकला जायची परवानगी नाही. तीन दिवस कॅम्पातपण जाता आलं नाही.

दुभाषी मिळाला. फाली गेली, आजी. फेब्रुवारीत. कुंपणाच्या बाहेर सरपणाला गेली होती, सुरुंगावर पाय पडला. मी त्या वेळी इथेच होते, पलीकडच्या सेक्शनमध्ये तिचाच फोटो दाखवत फिरत होते.

मुलीचं डोकं उवांसाठी नाही भादरलं. दुभाषी म्हणाला, आई किंवा बाप गेला की मुलं डोकं भादरतात आणि पांढरं घालतात. इथे ते सगळ्यांना माहीत आहे. क्लिनिकमधल्या झाडूवालीलापण. मलाच माहीत नव्हतं, आणि तो फोटो मी तुला पाठवला.

येंगबाईंना फोटो दाखवू नकोस. प्लीज. आधी कुणाला तरी त्यांच्या भाषेत सांगू दे. त्यांच्या भाच्याला सांग, भंतेंना सांग.

आणि इथल्या ऑफिसनं सांगितलं की कागद आईच्या नावानं होते, आता मुलीसाठी सगळं पहिल्यापासून करावं लागेल. किती वर्षं ते सांगत नाहीत. ती त्या झोपडीवाल्या बाईकडेच आहे. त्या बाईला स्वतःची चार आहेत.

मी काय करू?

दीपा


शुगर लँड
५ मे १९८७

चि. दीपू,

जयभीम. तुझं पत्र काल आलं. आता रडू नको. डोळे पूस आणि नीट वाच, मला लिहायला वेळ लागला आहे.

त्या दिवशी मी दुकानात गेले. येंगबाई बाहेर आली. मी मान हलवली नाही, फोटोच पुढं केला. चांत्रिया म्हटलं, आणि डोक्यावरून हात फिरवून दाखवलं, कपड्याला हात लावून दाखवलं, हात जोडून बुद्ध बुद्ध म्हटलं. मी हसत होते. तिनं फोटो उजेडात धरला. बराच वेळ. मग एकच विचारलं, केस कुणी कापले? मी म्हटलं, भंतेंनी. ती माझ्याकडं बघून हसली. दीपू, ती हसली आणि मला वाटलं तिला आनंद झाला.

मी खीर पुढं केली. तिनं दोन्ही हातांनी घेतली, स्टुलावर बसली आणि सगळी खाल्ली. वाटी तळापर्यंत चाटली. मग ती वाटी तिनं धुतली, पुसली, त्यात कागद घातला आणि डोनट भरले, आणि मला परत दिली. रिकामी देत नाहीत म्हणून. ते मीच शिकवलं होतं. मी घरी येऊन सगळ्यांना वाटले. तुझ्या बापानं दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. मला वाटलं नवीन वर्षाची सुट्टी. शनिवारी तिचा भाचा गाडी घेऊन आला, म्हणे घरी भंते यायचे आहेत, मावशीनं तुम्हाला बोलावलं आहे. मग काय विचारता! पेटी उघडली. ते लुगडं काढलं. तीस वर्षांत घड्यांवर पिवळं झालं आहे, पण पांढरंच म्हणायचं. शोभानं निऱ्या धरल्या. बेसनाचे लाडू केले होते आदल्या दिवशी, त्याचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसले आणि सारा रस्ता त्या भाच्याला दीक्षेची गोष्ट सांगितली. तो हो हो करत होता. त्याचं डोकं टोपीखाली होतं, मला काय दिसणार.

त्यांचं घर म्हणजे अपार्टमेंटातल्या दोन खोल्या. आत गेले तर सारे पांढऱ्या कपड्यात. बाया, पोरं, म्हातारे. दीपू, मला इतकं भरून आलं. मला वाटलं तोच दिवस परत आला, आणि या वेळी नळावर कुणी हसायला नाही. मी सगळ्यांना हात जोडत आत गेले. येंगबाईनं मला आपल्या शेजारी, अगदी पुढं बसवलं. मी पाय मुडपून बसले, तुला सांगितलं होतं तसं. बुद्धाच्या मूर्तीखाली फोटो ठेवला होता, पण माझा चष्मा घरी राहिला होता, मला नीट दिसलं नाही.

मग भंतेंनी सुरू केलं. पहिलं मला येत होतं, मी मोठ्यानं म्हटलं. पंचशील म्हटलं. आणि मग ते म्हणाले, अनिच्चा वत सङ्खारा.

तुला ते ठाऊक नाही. तुझे आजोबा गेले तेव्हा म्हटलं होतं. माझ्या सासूच्या वेळी म्हटलं होतं. ते दुसऱ्या कशाला म्हणतच नाहीत.

मी फोटोकडं पुढं वाकून पाहिलं. भुवईवर व्रण. आणि माझ्या मांडीवर लाडवाचा डबा, त्यावर मी लाल रिबीन बांधली होती, शोभाच्या भेटवस्तूंच्या खोक्यातली. मी पदर ओढून डबा झाकला. येंगबाईनं मान वळवली, मला बघितलं, आणि हसली. तेव्हा मला तू लिहिलं होतं ते हसू कळलं. तो पाय गेलेला माणूस कळला. पण तिथं रडत नाहीत, म्हणून मीपण रडले नाही. शेवटपर्यंत सगळ्यांबरोबर म्हटलं.

काल तुझं पत्र आल्यावर परत तिच्याकडं गेले. दुकान उघडलं आहे. कागदाची फुलं अजून तशीच आहेत, कुणी काढली नाहीत. मी तिला सुरुंगाचं सांगितलं. भाच्याला मधे उभं केलं आणि तो सांगत होता. ती ऐकत पीठ मळत होती, मशीन बंद पडलं होतं. मग मी विचारलं, "तुला फोटोवरूनच कळलं होतं ना?"

"बघितल्याबरोबर."

"मग खीर काऊन खाल्ली?"

ती म्हणाली, "तू दोन्ही हातांनी दिली होतीस. आणि तू किती खुशीत होतीस."

पिठाचे हात तिनं पुसले. म्हणाली, त्या दिवशी माझ्या रक्ताचं बाईमाणूस कुणी नव्हतं घरात. तू पांढरं नेसून आलीस. तुला आमची रीत माहीत होती, मला बरं वाटलं.

मी ते शुभाचं म्हणून नेसले होते, हे मी तिला सांगितलं नाही. तूपण कधी सांगू नको. लाडवाचा डबा माझ्या कपाटात साड्यांमागं आहे. शोभा विचारत होती लाडू कुठं गेले, मी म्हटलं, संपले.

कागदांचं तुझ्या बापानं हातात घेतलं आहे. काल ऑफिसातून लवकर आला, येंगबाईच्या भाच्याला घरी बोलावलं, टेबलावर बसले दोघं. येंगबाईसुद्धा आली होती. तिनं माझ्या खोलीतल्या फोटोपुढं उदबत्ती लावली. राजानं दारातून पाहिलं, आणि तो तिला जयभीम म्हणाला. मोठ्यानं. तिला काय कळलं, तिनं हात जोडले. पण फोनवर वकील म्हणतो वर्ष लागेल, दोन लागतील, होईलच असं नाही. मी आता तुला खोटी आशा लिहिणार नाही, एकदा लिहिली तेवढी पुरे. मी त्या पोरीला बघेन की नाही, माहीत नाही. येंगबाईला तर मुळीच माहीत नाही, ती माझ्याहून दमलेली आहे.

तू विचारलंस मी काय करू. मी तुला जानेवारीत पहिलंच लिहिलं होतं की डोक्याला हात लावू नको, तिथं फक्त आई आणि आजी लावते. मी निघाले तेव्हा येंगबाई दारापर्यंत आली आणि म्हणाली, तुझ्या नातीला सांग, आता लाव. आई नाही. मी इथं आहे. तिचा हात चालेल.

तर असं कर. चांत्रियाकडं जा. आधी खाली बस, तिच्याहून खाली. येंगबाईचा फोटो तिच्यापुढं ठेव. केस आता थोडे आले असतील, टोचतील तळव्याला. दोन्ही हात ठेव. बाकी काही बोलू नको, फक्त येय म्हण, आणि हात लगेच काढू नको.

तुझी आजी